सोनकीच्या हिरडीचं ऑपरेशन, जळगावचं क्लिनिक, आमचा पूर्ण अनुभव

आम्ही अमळनेरचे. मांजराच्या हिरडीसाठी जळगावच्या या क्लिनिकमध्ये मार्च ते जुलै ५ चकरा मारल्या, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढते, कारण मी जेव्हा रात्र रात्र शोधत होते तेव्हा मराठीत मला एक ओळ सापडली नव्हती, जे सापडलं ते सगळं कुत्र्यांचं. लांबलचक होईल, पण ज्याचं मांजर आत्ता एका बाजूने चावतंय त्याने शेवटपर्यंत वाचा.

सोनकी ८ वर्षांची आहे, भगवी-पांढरी, नसबंदी झालेली, दिवसभर माझ्या सासूबाईंच्या मागे मागे फिरते. दिवाळीनंतर तिच्या तोंडाला वास यायला लागला, मांडीवर बसून जांभई दिली की लगेच कळायचं. आम्ही म्हटलं उंदीर-बिंदीर खाल्ला असेल. मग ती कोरडं खाणं तोंडात घेऊन परत खाली टाकायला लागली, मान वाकडी करून फक्त उजवीकडूनच चावायची, आणि कधी कधी खाता खाता एकदम फिस्कारून वाटीपासून लांब पळायची. पंजाने गाल पुसत बसायची. एक दिवस सासूबाईंनी तिचा ओठ वर करून बघितला आणि ओरडल्याच, "माय वं, हिना दात कितला लांबा दिखस!" खरंच डावा वरचा सुळा उजव्यापेक्षा लांब दिसत होता, हिरडी मागे सरकली होती आणि मुळाचा पिवळट भाग उघडा पडला होता. मागच्या दाढांवर किटणाचा थर आणि कडेला लालभडक रेघ. ८ वर्षं घरात मांजर आहे आणि आपण एकदाही तिचं तोंड उघडून बघितलं नाही हे मला तेव्हा फार लागलं.

जानेवारीत आधी एका ठिकाणी नेलं, नाव लिहीत नाही. तिथे तोंड नीट न उघडताच इंजेक्शन दिलं आणि वय झालं की दात जाणारच असं सांगितलं. ३-४ दिवस पोरगी मस्त खायला लागली, मग परत तेच. परत इंजेक्शन, परत ४ दिवस. तिसऱ्या वेळी मी विचारलं की हे इंजेक्शन कशाचं आहे तर अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड. सूज उतरते, दुखणं दबतं, म्हणून खाते, पण हिरडीच्या आतलं किटण आणि सडलेलं मूळ तिथेच राहतं ना, ते कोणी काढलंच नाही. यात आमचे २ महिने गेले. दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर सांगितलं की भूल-बिल काही लागत नाही, २० मिनिटांत दात साफ करून देतो. स्वस्त होतं, मी जवळजवळ वेळ घेतलीच होती. ते झालं नाही हे बरंच झालं, कारण जागं मांजर हिरडीच्या आत हत्यार घालू देत नाही, वरून दात चमकवतात आणि रोग आत तसाच राहतो, वर मांजर कायमचं घाबरून जातं ते वेगळंच.

घरचे उपायही सुरू झाले होते. शेजारच्या काकू लवंगाचं तेल घेऊन आल्या, आपण दाढ दुखली की लावतो तसं. आणि आमचे हे म्हणाले पाव गोळी पॅरासिटामोल देऊन बघू का. मी दोन्ही थांबवलं ते नुसतं भीतीपोटी, मला काही माहीत नव्हतं. नंतर जळगावच्या क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की पॅरासिटामोल मांजराला विष आहे, त्यांचं लिव्हर ती गोळी पचवू शकत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं बंद होतं आणि अर्ध्या गोळीनेसुद्धा मांजर दगावू शकतं. लवंगाचं तेलही मांजराला चालत नाही. आपल्याकडे घरोघरी हे दोन उपाय हाताशी असतात म्हणून मुद्दाम लिहितेय, कृपा करून देऊ नका.

शेवटी आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांना दाखवलं. तिथे सगळी गाई-म्हशी-बकऱ्यांची रांग, त्यात मी टोपली घेऊन उभी. पण त्या माणसाने टॉर्च लावून नीट बघितलं आणि सरळ सांगितलं, ताई, माझ्याकडे मांजराच्या दाताचं मशीन नाही, एक्स-रे नाही, मी उगाच हात घालणार नाही, तुम्ही जळगावला जा. पैसेही घेतले नाहीत. अशी स्पष्ट बोलणारी माणसं पाहिजेत. आमच्या भाच्याचं म्हणणं होतं की डायरेक्ट मुंबईला परळला न्या, तिथलं जनावरांचं कॉलेज १८८६ पासून आहे, तिथे सगळे तज्ज्ञ असतात. पण रात्रभर ट्रेनमध्ये आजारी मांजर घेऊन जायची माझी हिंमत झाली नाही, आणि नंतरच्या चकरा कशा करणार. जळगाव ५५-६० किलोमीटर, धरणगाव, पाळधी, बांभोरीचा गिरणेवरचा पूल की आलंच.

पहिल्या भेटीत मॅडमनी पाऊण तास दिला. आधी तिला टोपलीतून ओढून काढलं नाही, टोपलीचं वरचं झाकण काढलं आणि तिथेच बसू दिलं, मग टॉवेलमध्ये गुंडाळून ओठ वर करून बघितलं. मी घरून हेच ठरवून गेले होते की हिरडी मागे गेली आहे तर ती ओढून परत जागेवर शिवायची, माणसांमध्ये करतात तसं, किती खर्च येईल ते विचारायचं. मॅडम म्हणाल्या, ताई, हिरडी हाडावर बसलेली असते. खालचं हाड झिजलं की हिरडी त्याच्या मागे जाते. नुसती हिरडी ओढून शिवली आणि आतलं मूळ घाण राहिलं, तर महिन्याभरात परत खाली. त्यामुळे आधी हाड किती उरलंय ते बघायचं, आणि प्रत्येक दाताचा निर्णय वेगळा. हे त्यांचं वाक्य मला आवडलं, आणि पुढे त्यांनी ते पाळलंही. म्हणूनच हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, सासूबाईंनाही. मांजराला पक्के दात ३०, वर १६, खाली १४. दात आणि हिरडीच्या मधे जी फट असते ती निरोगी मांजरात जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, १ च्या वर गेली की काहीतरी चुकतंय. दातावर रोज चिकट थर बसतो, तो साफ झाला नाही की दोन-तीन दिवसांत त्याचं किटण व्हायला लागतं, त्यामुळे हिरडी सुजते. इथपर्यंत साफ केलं तर सगळं पूर्ववत होतं. पण सूज आत गेली की दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं, आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. पाव भागापर्यंत आधार गेला तर दुसरी पायरी, पाव ते अर्धा तिसरी, अर्ध्याच्या वर गेला तर चौथी, आणि चौथीला बहुतेक वेळा दात काढणंच मांजराच्या भल्याचं. वर मांजरांमध्ये अजून एक भानगड असते की शरीर स्वतःच स्वतःचा दात आतून खातं, दाताला हिरडीच्या कडेला भोक पडतं आणि हिरडी त्या भोकात वाढते, वरून बघितलं तर नुसता लाल ठिपका दिसतो. प्रचंड दुखतं म्हणे. ते एक्स-रेशिवाय नीट कळत नाही. आणि सुळा लांब दिसण्याची दोन कारणं, एक म्हणजे हिरडी मागे जाणं, दुसरं म्हणजे आजूबाजूचं हाड सुजून जाड होतं आणि दात हळूहळू बाहेर सरकतो. सोनकीचं दोन्ही होतं.

मी विचारलं की शेजारची चांगली हिरडी सरकवून उघड्या मुळावर बसवता येत नाही का, तसं मी कुठेतरी वाचलं होतं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ते ऑपरेशन आहे, पण त्याला शेजारी रुंद, निरोगी हिरडी लागते आणि मांजराची हिरडीची पट्टी मुळात अरुंद आणि पातळ असते, शिवाय नंतर रोज घासणार असाल तरच ती टिकते. हाडाची पावडर भरायचंही मी विचारलं. ती खोल खड्डा असेल आणि खड्ड्याला भिंती शिल्लक असतील तिथे धरते, हाड सगळीकडून सपाट झिजलं असेल तर पावडर थांबायला जागाच नाही. म्हणजे महागातलं ऑपरेशन गळ्यात मारायचा त्यांना चांगला चान्स होता, मी स्वतः मागत होते, आणि त्यांनी मारलं नाही.

त्याच दिवशी रक्त घेतलं. किडनी, लिव्हर, शुगर, पेशी, आणि मांजरांचे जे दोन व्हायरस असतात, एफआयव्ही आणि ल्युकेमिया, त्यांची किट टेस्ट, कारण त्यात हिरड्या वारंवार सुजतात आणि जखम भरायला त्रास होतो. दोन्ही निगेटिव्ह. किडनी ठीक. दोन दिवसांनी स्वतः फोन करून सांगितलं.

ऑपरेशन एप्रिलच्या मधे. त्या आठवड्यात जळगावात पारा ४३ ला. मॅडमनीच सांगितलं की सकाळी ८ च्या आत पोहोचा, दुपारच्या उन्हात मांजर गाडीत ठेवू नका. रात्री १० नंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. आम्ही ६ ला निघालो, टोपलीवर ओला पंचा टाकून, आणि मंगळवार टाळला, कारण मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत आमच्या भागातून गाडी बाहेर निघेपर्यंत अर्धा तास जातो. सासूबाई हट्टाने सोबत आल्या. फॉर्म इंग्रजीत होता, तो मॅडमच्या असिस्टंटने ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवला. त्यात एक जागा होती की भुलेत असताना दात काढायची गरज वाटली तर फोन करून विचारू, फोन नाही लागला तर काय करायचं ते आत्ताच लिहा. सासूबाई म्हणाल्या, "दात काढी टाका, पन मनी सोनकी वाचाडा." त्या पोराने ते ऐकून हसत लिहून घेतलं.

१० ला फोन आला. मॅडम म्हणाल्या सगळ्या तोंडाचा एक्स-रे झाला, हिरडीच्या फटींची खोली मोजून झाली, बाहेर आहात तर आत येऊन स्क्रीनवर बघा. मला वाटलं नव्हतं की आत बोलवतील. काचेच्या दरवाज्यातून सोनकी दिसत होती, नळी घातलेली, खाली गरम पाण्याची गादी, अंगावर पांघरूण, बाहेर ४३ डिग्री आणि आत तिला उबेत ठेवलंय, कारण भुलेत मांजराचं अंग भरभर गार पडतं आणि तोंडात सतत पाणी मारावं लागतं. डोळ्यात मलम घातलेलं, भुलेत पापणी मिटत नाही म्हणून. एका मुलीचं काम फक्त मशीनवर ऑक्सिजन, ठोके आणि बीपी बघून दर ५ मिनिटांनी लिहायचं. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा नव्हता, सुईचं प्लास्टिकचं टोपण कापून छोटासा तुकडा लावला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, मांजराचा जबडा पूर्ण ताणून जास्त वेळ ठेवला तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते, भुलेतून उठल्यावर आंधळी झालेली मांजरं आहेत. हे ऐकून मला घाम फुटला. पण ज्याला हे माहीत आहे त्याच्या हातात आपली मांजर आहे याचं बरं वाटलं. तुम्ही कुठेही ऑपरेशन करा, हा एक प्रश्न नक्की विचारा.

स्क्रीनवर त्यांनी एकेक दात दाखवला. दातांना नंबर असतात. २०४ म्हणजे आमचा तो लांब सुळा, त्याचं हाड साधारण पावपेक्षा थोडं जास्त गेलेलं, पण मूळ मजबूत, दात हलत नाही. २०८, वरची डावी मोठी दाढ, तिला ३ मुळं असतात आणि त्यांच्या मधली फट उघडी पडली होती, हाड अर्ध्याच्या वर गायब. ३०७ आणि ४०७, खालच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढा, दोन्हींना तो आतून खाण्याचा रोग, मांजरात हेच दात जास्त करून धरतात म्हणे. माझ्या डोळ्याला ३०७ बाहेरून ठणठणीत दिसत होता. एक्स-रेमध्ये दातात खिडकी पडलेली. म्हणजे आम्ही सुळ्याचं रडगाणं गात होतो आणि पोरीला खरं दुखत होतं ते खाली.

निर्णय असा झाला की २०८ आणि ३०७ पूर्ण काढायचे, ४०७ चं मूळ हाडातच विरून गेलेलं म्हणून त्याचा फक्त वरचा भाग कापून हिरडी वरून शिवायची, ते विरलेलं मूळ उकरायला जाल तर जबडा मोडायची भीती, आणि २०४ वाचवायचा. मी हो म्हटलं. त्याआधी जबड्याच्या नसांवर बधीर करायचं इंजेक्शन दिलेलं होतं, त्यामुळे वरची भूल कमी लागते आणि उठल्यावरही काही तास दुखत नाही.

सुळ्याचं काम म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो ते. नंतर त्यांनी मला फोटो दाखवून सांगितलं. दाताच्या दोन्ही बाजूंना हिरडीला बारीक चीर द्यायची, पाकिटाचं झाकण उचलावं तशी हिरडी हाडापासून अलगद उचलायची, मग मूळ डोळ्यांसमोर उघडं दिसतं. आंधळेपणाने खरवडण्यापेक्षा असं बघून किटण पूर्ण काढता येतं, मूळ गुळगुळीत करायचं, आतलं सडकं मांस काढायचं, हाडाची खडबडीत कड घासायची, सलाईनने धुवायचं आणि हिरडी परत दाताभोवती घट्ट बसेल अशी शिवायची, पण ताण न देता, कारण ताण पडला की टाका तुटतो आणि सगळं उघडं पडतं. टाके केसासारखे बारीक, आपोआप विरघळणारे. दाढा काढल्या तिथेही हिरडी सैल करून भोक पूर्ण झाकलं. २०८ एकदम उपटत नाहीत, ड्रिलने ३ तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात. शेवटी परत एक्स-रे, आत मुळाचा तुकडा राहिला नाही ना ते बघायला. तो शेवटचा एक्स-रेही मला पाठवलाय.

एक गोष्ट त्यांनी आधीच दोनदा सांगितली होती, की सुळ्याची हिरडी पूर्वीच्या जागेवर येणार नाही. ऑपरेशनचा उद्देश हा की रोग तिथेच थांबावा, फट कमी व्हावी, दात टिकावा. दात थोडा लांब दिसणारच. ज्यांना वाटतं की शस्त्रक्रिया केली की फोटोत दाखवण्यासारखी गुलाबी हिरडी वर येईल, त्यांनी हे समजून मग जा.

एकूण २ तास ४० मिनिटं. ५ वाजता घरी सोडलं, पूर्ण शुद्धीत, अंगाला हात लावून ऊब बघून मगच.

पहिली रात्र वाईट गेली, खरं सांगते. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, लाळेत थोडं रक्त, ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली आणि बाहेर येईना. सासूबाई तिथेच चटई टाकून झोपल्या. रात्री ११ ला मी घाबरून क्लिनिकच्या नंबरवर फोटो टाकला, १० मिनिटांत उत्तर आलं की गुलाबी लाळ चालेल, लाल थेंब थेंब पडलं तर लगेच फोन करा. दुसऱ्या दिवशी दुपारी उकडलेलं चिकन मिक्सरमधून पातळ करून दिलं, मीठ-मसाला काही नाही, तर सोनकीने बशी चाटून पुसून ठेवली. कांदा-लसूण मांजराला अजिबात द्यायचा नाही हेही तेव्हाच कळलं, आणि आमच्या घरी शेवभाजीचा रस्सा भाकरीला लावून पोरं तिला चारायची. ते बंद केलं. १४ दिवस मऊ खाणं, कोरडं बंद, खेळण्याची दोरी बंद. दुखण्याचं औषध मांजराच्या मापाचं मेलोक्सिकॅम, थेंबाचं माप आखून दिलेलं आणि किती दिवस ते ठळक लिहिलेलं, एक दिवसही जास्त द्यायचं नाही कारण किडनीला त्रास होतो.

चौथ्या दिवशी ती सासूबाईंच्या मांडीवर येऊन घुरघुरायला लागली. वास गेलेला. सासूबाई तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन सारख्या बघायच्या.

खर्च विचारतात सगळे म्हणून लिहिते. पहिली तपासणी ४००, रक्त आणि व्हायरस किट २,६००, भूल, एक्स-रे, साफसफाई, ऑपरेशन मिळून १७,५००, औषधं आणि कॉलर ९५०. एकूण २१,४५०. नंतरच्या ३ तपासण्या २०० प्रमाणे. आमच्यासारख्या घराला ही रक्कम मोठी आहे, आमच्या ह्यांनी आधी तोंड वाकडं केलं होतं, नातेवाईक तर अजून बोलतात की मांजरावर २१ हजार. पण बिलात प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेली होती आणि आधी सांगितलेल्या आकड्याच्या वर एक रुपया घेतला नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इंजेक्शनांवर जे घातले त्याचा हिशोब मला आजही लागत नाही.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. बसायची जागा एकच, कुत्री आणि मांजरं एकत्र. पहिल्या दिवशी एक मोठा जर्मन शेफर्ड टोपलीजवळ येऊन भुंकला तर सोनकीने आत लघवी केली आणि मग मॅडमना तिचे ठोके मोजायला १५ मिनिटं थांबावं लागलं. मांजरांसाठी साधा पडदा टाकून कोपरा केला तरी पुरे, मी सांगून आले आहे. पार्किंग नाहीच, रस्त्यावर उन्हात गाडी लावावी लागते. जिना चढून वर, लिफ्ट नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांचे हाल झाले. संध्याकाळी ६ नंतर फोन लागता लागत नाही, मेसेज टाकलेला बरा. आणि दुसऱ्या तपासणीला आम्हाला ११ ची वेळ देऊन साडेबाराला घेतलं, मधे इमर्जन्सी आली होती हे मान्य, पण एक फोन केला असता तर आम्ही उशिरा निघालो असतो, ऊन मे महिन्याचं होतं.

त्या दुसऱ्या तपासणीत टाके बहुतेक विरघळलेले, दाढांच्या जागा बंद. ६ आठवड्यांनी हिरडीची कड गुलाबी झाली होती. जुलैमध्ये मॅडमनी सुळा दाबून बघितला, हलत नाही, लाली नाही, हिरडी ऑपरेशनच्या दिवशी जिथे शिवली तिथेच आहे, अजून मागे गेलेली नाही. हेच हवं होतं. आता तिचे २७ दात आणि ती कोरडं खाणं दोन्ही बाजूंनी कडाकडा चावते. डावीकडे तर नुसता आवाज येतो तेवढाच, तिथे मोठी दाढ नाहीच, पण तिचं काही अडत नाही.

घासायचं काम मात्र आमच्यावर आहे आणि ते मॅडमनी इतकं ठासून सांगितलं की टाळायची सोय नाही. पहिले २ आठवडे तोंडाला हात लावायचा नाही. मग रोज बोट चिकनच्या पाण्यात बुडवून फक्त ओठाखाली फिरवायचं, आठवडाभर तेवढंच. मग बोटाला मऊ कापड, मग लहान बाळाचा मऊ ब्रश. पेस्ट मांजराची वेगळी मिळते, आम्ही मागवली, आपली माणसांची पेस्ट चालत नाही कारण मांजर थुंकत नाही, गिळतं. फक्त बाहेरची बाजू घासली तरी चालतं, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. आमच्याकडे हे काम ८ वर्षांचा मुलगा करतो, रात्री जेवण झाल्यावर, ३० सेकंद, नंतर एक चिकनचा तुकडा. एखाद्या दिवशी विसरला तर सोनकीच ब्रशच्या डब्याजवळ जाऊन बसते, तुकड्यासाठी.

पुढची तारीख ऑक्टोबरची आहे, तेव्हा हलकी भूल देऊन सुळ्याजवळच्या फटीची खोली परत मोजणार आणि एक एक्स-रे काढणार, हाड आहे तिथे थांबलंय का ते बघायला. सासूबाई परत येणार आहेत, जिना असो नाहीतर नसो. मांजर घेऊन जाणार असाल तर दुपारी १ ची वेळ मागून घ्या, तेव्हा कुत्री कमी असतात, उन्हाळा असेल तर मात्र सकाळची पहिलीच. टोपली वरून उघडणारी न्या, आणि घरातला वापरलेला एखादा पंचा आत टाका, आमची त्या वासानेच शांत बसली होती.